रोमन सोन्याचे नाणे कसे वाचावे

रोमन सम्राटांचे सोन्याचे नाणे, म्हणजे ऑरियस, पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर बहुधा मागच्या बाजूवरील चित्राकडे जाते. तेथे पंख असलेली स्त्री असते, सुकाणू असते, साप, मोर किंवा मगर असते, आणि एखाद्या तक्त्यात पाहून या प्रत्येकाचा अर्थ लावता येईल असे वाटते. तसे करू नये. रोमन नाण्यावरील चिन्हाचा अर्थ ते कोणाच्या चेहऱ्यामागे कोरले आहे, त्याच्याभोवती कोणती अक्षरे आहेत आणि ते नाणे कोणत्या वर्षी पाडले, या तीन गोष्टींवर ठरतो. त्या कळण्याआधी लावलेला अर्थ बहुतेक वेळा चुकतो. म्हणून आधी वजन, मग चेहरा, मग अक्षरे आणि सर्वांत शेवटी चित्र, हा क्रम नवख्याला उलटा वाटला तरी तोच पाळावा.

साधने फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एका बाजूने तिरपा उजेड टाकता येईल असा टेबलावरचा दिवा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा सराफी काटा आणि खाली अंथरायला मऊ कापड एवढे पुरते. नाणे नेहमी कडेने धरावे आणि ते कोणत्याही कारणाने घासू नये. सोने गंजत नसले तरी जमिनीत राहिल्याने त्यावर लालसर झाक येते आणि ती झाकही पुरावा असते: इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ. स. ७९ सालच्या उद्रेकात गाडला गेलेला आणि १८९५ मध्ये बोस्कोरेआले येथे सापडलेला हजारांहून अधिक ऑरियसचा साठा जगभर विखुरला गेला, तरी त्यातील अनेक नाणी आजही त्या विशिष्ट रंगछटेवरून ओळखली जातात. ज्यांच्या हाती प्रत्यक्ष नाणे नाही त्यांनी 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' या विनामूल्य संग्रहातील छायाचित्रे मोठी करून पाहावीत. अभ्यासाची सुरुवात तेथून उत्तम होते. आपल्याकडे चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था व तिचे संग्रहालय आहे.

वजनाने सुरुवात करण्याचे कारण असे की रोमन टाकसाळ एका रोमन पौंड सोन्यातून, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅममधून, किती नाणी पाडायची हे ठरवून देत असे आणि तो आकडा काळानुसार बदलत गेला. ज्युलियस सीझरच्या वेळी चाळीस नाणी निघत, म्हणजे एक नाणे आठ ग्रॅमच्या आसपास भरे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या ऑरियसचे वजन साधारण ७.८ ग्रॅम असते. तोळ्या-माशांच्या भाषेत ते जवळजवळ नेमके आठ मासे होतात. नीरोने ६४ साली हे प्रमाण पौंडाला पंचेचाळीस केले, तेव्हा वजन ७.२ ग्रॅमच्या आसपास उतरले. काराकालाने २१५ मध्ये पन्नास केले. आणि कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या आरंभी बहात्तर नाण्यांचे नवे माप ठरवून सुमारे साडेचार ग्रॅमचा सॉलिडस काढला, जो कॉन्स्टंटिनोपलमध्ये पुढे सातशे वर्षे जवळपास त्याच कसाचा राहिला. त्यामुळे ऑगस्टसचा चेहरा असलेले नाणे साडेसहा ग्रॅम भरले, तर चित्राकडे वळण्याआधीच थांबून विचार करायला हवा.

कसही घरच्या घरी ताडून पाहता येतो. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणावा, नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे धरावे, आणि काट्यावर जो आकडा वाढेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. ७.८० ग्रॅमच्या नाण्याने ०.४१ ग्रॅमची वाढ दाखवली तर भागाकार एकोणीस येतो, जो पहिल्या शतकातील जवळपास शुद्ध सोन्याला शोभतो. आजच्या बावीस कॅरेटच्या दागिन्याचे सोने याच चाचणीत साडेसतराच्या आसपास उतरते. मात्र टंगस्टन या धातूची घनता सोन्याइतकीच असल्याने ही चाचणी नाणे खरे असल्याचा दाखला देत नाही, ती फक्त उघड खोटे नाणे वगळते.

यानंतर कड पाहावी. रोमन नाणे ओतीव नसून ठोकून पाडलेले असते: खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा कारागिराच्या हातात, मध्ये तापवलेली सोन्याची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. त्यामुळे कड थोडी असमान असते, तिच्यावर बारीक चिरा दिसतात आणि चित्र बऱ्याचदा मध्यापासून सरकलेले असते. कडेभोवती सलग शिवण दिसली, किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसले, तर ते साच्यात ओतलेले नाणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर याने मात्र स्वतः ठसे कोरून प्राचीन नाण्यांच्या नकला ठोकून पाडल्या, आणि त्या ओळखायला ठशांची तुलना करण्यावाचून गत्यंतर नसते.

आता चेहरा. सम्राटाच्या डोक्यावर काय आहे हे प्रथम नोंदवावे, कारण तो नुसता शृंगार नसतो. लॉरेलच्या पानांची माळ विजयी सेनापतीची. मस्तकावरून ओढलेला पदर धर्मकृत्य करणाऱ्याचा किंवा मृत्यूनंतर देवत्व दिलेल्याचा. सूर्यकिरणांचा मुकुट तिसऱ्या शतकातील सोन्याच्या नाण्यावर दिसला तर ते बहुधा दुप्पट किमतीचे नाणे असल्याची खूण. रत्नजडित पट्टा, म्हणजे डायडेम, कॉन्स्टंटाइनच्या उत्तरकाळात रूढ होतो, आणि त्याआधीच्या सम्राटाच्या डोक्यावर तो दिसला तर शंका घ्यावी. त्यानंतर चेहऱ्याचे वय पाहावे. ऑगस्टस पंचाहत्तर वर्षे जगला, पण नाण्यांवर तो कधी म्हातारा झाला नाही. शेवटपर्यंत तीच तरुण, शांत मुद्रा. उलट व्हेस्पेसियनने टक्कल, सुरकुत्या आणि जाड मान जशीच्या तशी कोरवली, कारण नीरोच्या आत्महत्येनंतरच्या यादवीतून वर आलेल्या या सेनापतीला आपण साधे, कणखर, जुन्या वळणाचे आहोत हेच लोकांना दाखवायचे होते. नीरोची नाणी वर्षाच्या क्रमाने मांडली तर आईच्या चेहऱ्यासमोर बसवलेला कोवळा मुलगा दहा-बारा वर्षांत जाड गळ्याचा, कुरळ्या केसांची रांग मिरवणारा पुरुष कसा झाला, हे एका नजरेत दिसते.

अक्षरांना पुष्कळ जण घाबरतात, पण त्यांची संख्या थोडी आहे आणि ती पुन्हा पुन्हा तीच येतात. मुद्रालेख बहुधा डाव्या बाजूला खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि यू या अक्षराच्या जागी व्ही असते, एवढे ध्यानात ठेवले की अर्धे काम होते. पी एम म्हणजे राज्याचा प्रमुख पुरोहित. टी आर पी म्हणजे लोकप्रतिनिधीचे अधिकार धारण करणारा. सी ओ एस म्हणजे कॉन्सल, रोमचा सर्वोच्च वार्षिक पदाधिकारी. पी पी म्हणजे राष्ट्रपिता. यांतील टी आर पी दरवर्षी नव्याने मोजले जाई, म्हणून त्यापुढचा आकडा राज्याचे वर्ष सांगतो, आणि सी ओ एसपुढचा आकडा सम्राटाने ते पद कितव्यांदा भूषवले ते सांगतो. व्हेस्पेसियन आठव्यांदा कॉन्सल झाला ७७ साली आणि नवव्यांदा ७९ साली. तेव्हा ज्या नाण्यावर सी ओ एस आठ आहे ते ७७ किंवा ७८ मधलेच असणार. अक्षरांतून वर्ष असे हाती आले की मागचे चित्र निम्मे उलगडलेले असते.

हे सगळे एका नाण्यावर करून पाहू. लुग्दुनुम येथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लिआँ शहरात, ऑगस्टसने पाडलेले एक नाणे सोन्यात आणि चांदीत दोन्हींत आहे आणि त्यातले चांदीचे दक्षिण भारतात मोठ्या संख्येने सापडते. दर्शनी बाजूवर लॉरेलची माळ घातलेला ऑगस्टस आणि भोवती 'काएसार आउगुस्तुस दिवि एफ पातेर पात्रिआए' अशी अक्षरे आहेत. दिवि एफ म्हणजे देवाचा पुत्र. तो देव म्हणजे मृत्यूनंतर देवत्व पावलेला ज्युलियस सीझर, ज्याने ऑगस्टसला दत्तक घेतले होते. पातेर पात्रिआए ही राष्ट्रपिता पदवी ऑगस्टसला इ. स. पूर्व २ मध्ये मिळाली, म्हणून नाणे त्याआधीचे असूच शकत नाही. आता नाणे उलटावे. टोगा नेसलेले दोन तरुण समोर तोंड करून उभे आहेत, दोघांच्या मध्ये जमिनीवर दोन ढाली टेकवलेल्या आहेत, त्यांच्यामागे दोन भाले आहेत, आणि भाल्यांच्या वरच्या बाजूला, भिंगाशिवाय सहज निसटतील अशा दोन लहान वस्तू आहेत. एक लांब दांड्याची पळी आहे आणि दुसरी टोकाशी वळलेली काठी.

चित्राखालच्या अक्षरांत या तरुणांची नावे आहेत: गायस आणि लुसियस सीझर. ते ऑगस्टसच्या मुलीचे मुलगे, आणि वंश पुढे चालावा म्हणून आजोबांनी नातवांनाच दत्तक घेतले. भोवतालची अक्षरे त्यांना ऑगस्टसचे पुत्र, नियोजित कॉन्सल आणि तरुणांचे अग्रणी म्हणतात. ढाली आणि भाले हे रोमच्या अश्वदळाने त्यांना अग्रणी म्हणून दिलेले मानाचे आहेर आहेत. आता पळीकडे परत या. ती यज्ञात मद्य अर्पण करण्याची, म्हणजे पुरोहिताची खूण, आणि गायस पुरोहितमंडळात होता. वळलेली काठी शकुन पाहणाऱ्याची, आणि लुसियस शकुन पाहणाऱ्यांच्या मंडळात होता. म्हणजे मोहरीएवढ्या त्या दोन वस्तू ही दोन माणसांची दोन वेगळी ओळखपत्रे आहेत. लुसियस इ. स. २ मध्ये वारला, गायस इ. स. ४ मध्ये, आणि सत्ता शेवटी ज्या टायबेरियसकडे गेली त्याची या नाण्यावर खूणही नाही. पळीचा अर्थ 'धार्मिकता' आणि भाल्याचा अर्थ 'शौर्य' असे तक्त्यावरून लिहून मोकळे झालो असतो, तर वारसदार जगापुढे मांडणारा आजोबा आपल्याला दिसलाच नसता. मला रोमन नाण्यांची गोडी लावली ती याच नाण्याने, आणि नवशिक्याने पहिले नाणे म्हणून हेच घ्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हा संदेश पोहोचत कोणापर्यंत होता, हेही वाचताना मनात ठेवावे. एक ऑरियस पंचवीस चांदीच्या डिनारियसच्या बरोबरीचा होता आणि ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ डिनारियस, म्हणजे नऊ ऑरियस होता, जो तीन हप्त्यांत दिला जाई. सोन्याचे नाणे भाजी घ्यायला निघत नसे. ते सैनिक, अधिकारी, व्यापारी आणि सावकार यांच्या हातांतून फिरे, आणि त्यावरचे चित्र प्रामुख्याने याच लोकांसाठी निवडलेले असे.

मागच्या बाजूवर सर्वाधिक भेटतात त्या गुणांना मूर्त रूप देणाऱ्या स्त्रीमूर्ती, आणि येथेच तक्ता सर्वांत जास्त फसवतो. एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेले शिंग घेतलेली स्त्री न्याय्य व्यवहाराची देवता एक्विटास असू शकते किंवा टाकसाळीची देवता मोनेटा असू शकते, आणि दोघींच्या चित्रांत काहीच फरक नसतो. फक्त भोवतालची अक्षरे सांगतात ती कोण आहे. दोन सापांनी वेढलेला दंड शांतीच्या हातात असतो तसाच सुखसमृद्धीच्या हातातही असतो. सुकाणू दिसले तर ती नशिबाची देवता फोर्टुना असण्याची शक्यता मोठी. सापाला वाटीतून भरवणारी स्त्री म्हणजे आरोग्य, सालुस. आणि सम्राट आजारातून उठल्याच्या किंवा कटातून वाचल्याच्या वर्षी ती आली असेल तर तिचा रोख फार नेमका असतो.

मराठी वाचकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी, कारण या नाण्यांवर आपल्या ओळखीचे प्राणी आहेत आणि ओळखीमुळेच चूक होते. मोर येथे सरस्वतीचा किंवा कार्तिकेयाचा नाही. तो जूनो देवीचा पक्षी आहे, आणि दिवंगत सम्राज्ञीच्या नाण्यावर तो तिला स्वर्गात नेतो, जसा दिवंगत सम्राटाला गरुड नेतो. ऑगस्टसच्या काही सोन्याच्या नाण्यांवर पुढे बकरी आणि मागे मासा असा मकर आहे, पायांत पृथ्वीचा गोल धरलेला. आपल्या शिल्पांतल्या सोंडेच्या मकराशी त्याचे रूप जुळत नाही, पण रास तीच. ऑगस्टसचा जन्म सप्टेंबरातला, म्हणजे सूर्य मकरेत असणे शक्य नाही. त्याच्या जन्मवेळी चंद्र मकरेत होता असे एक स्पष्टीकरण अभ्यासक देतात, आणि रास चंद्रावरून धरणाऱ्या आपल्या वाचकाला ते चटकन पटावे.

जिंकलेल्या प्रदेशांची चित्रे तुलनेने सोपी असतात. मगर आणि 'इजिप्त जिंकला' ही अक्षरे इ. स. पूर्व २८-२७ मधील ऑगस्टसच्या नाण्यांवर आहेत, अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्या पराभवानंतर दोनच वर्षांनी. ज्युडिआ, म्हणजे ज्यूंचा देश, जिंकल्याच्या व्हेस्पेसियनच्या नाण्यांवर शत्रूची शस्त्रे टांगलेल्या खांबाखाली एक स्त्री हनुवटीखाली हात घेऊन बसलेली असते. येथे चिन्हाचा अर्थ लावण्यापेक्षा त्या बसण्याकडे पाहत राहावे; पराभूत देशाला शोक करणाऱ्या बाईचे रूप देण्याची ही रीत रोमने पुढे अनेक प्रदेशांसाठी वापरली.

इमारतींची चित्रे मला सर्वांत आवडतात, कारण त्यांत कोरणाऱ्याचा हात दिसतो. नीरोच्या एका ऑरियसवर जानुस देवाचे देऊळ आहे. रोममध्ये युद्ध चालू असेतो या देवळाची दारे उघडी असत आणि सर्वत्र शांतता झाली की ती लावून घेत, जी घटना रोमच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडली. नाण्यावर दोन्ही कवाडे घट्ट मिटलेली आहेत, शेजारच्या भिंतीला जाळीची खिडकी आहे, आणि कवाडांवरून चक्क तोरणासारखी पानाफुलांची माळ लोंबते आहे. अक्षरे म्हणतात की रोमन जनतेसाठी जमिनीवर आणि समुद्रावर शांतता मिळवून त्याने जानुसचे दार लावले. आर्मेनियावरून पार्थियाशी, म्हणजे पूर्वेकडील प्रतिस्पर्धी साम्राज्याशी, चाललेला झगडा मिटला होता, आणि ६६ साली आर्मेनियाच्या राजाने रोममध्ये येऊन नीरोच्या हातून मुकुट घेतला. वीस मिलिमीटरच्या आत मावलेले ते बंद दार त्याच तहाचा ढोल आहे.

चौथ्या शतकापासून जुनी चिन्हे जात नाहीत, ती हळूहळू धर्म बदलतात. पंखांची विजयदेवी सॉलिडसवर टिकून राहते, पाचव्या शतकात तिच्या हाती लांब क्रूस येतो, आणि सहाव्या शतकात सम्राट पहिला जस्टिन याच्या नाण्यांवर ती स्त्री न राहता पुरुषवेशातला देवदूत होते. पंख तेच असतात. या काळातील नाण्यांच्या तळाशी सी ओ एन ओ बी अशी अक्षरे शोधावीत: पहिली तीन कॉन्स्टंटिनोपलची, आणि शेवटची दोन शुद्ध सोन्यासाठीच्या लॅटिन शब्दाची, पण तीच दोन अक्षरे ग्रीक अंकलेखनात बहात्तर हा आकडाही दाखवतात, म्हणजे पौंडाला बहात्तर नाणी.

भारतात सापडलेल्या नाण्यावर एक शेवटचे वाचन उरते, ते म्हणजे आपल्या लोकांनी त्यावर काय केले. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे येतात आणि भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून नफा मिळतो अशी नोंद आहे. डिनारियसवरून आलेला दीनार हा शब्द गुप्तांच्या शिलालेखांत सोन्याच्या नाण्यासाठी रूढ झालेला दिसतो. अशा नाण्यावर सम्राटाच्या चेहऱ्याच्या आरपार छिन्नीची खोल रेघ आहे का ते पाहावे. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ ऑरियसपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर असा घाव आहे, आणि तो मुद्दाम चेहऱ्यावरच घातला आहे. नाणे चलनातून काढून निव्वळ सोने म्हणून मोजायचे होते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. असे नाणे खराब म्हणून बाजूला टाकू नये. जमिनीत असे काही सापडलेच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

नंतरच्या शतकांतील नाण्यांवर घावाऐवजी भोके भेटतात. कर्नाटकातील अक्की आलूरसारख्या साठ्यांत सम्राटाच्या डोक्याच्या वर शेजारीशेजारी दोन बारीक भोके पाडलेली सोन्याची नाणी आहेत. एका भोकाने नाणे गळ्यात फिरत राहिले असते. दोन भोकांमुळे ते सपाट बसते, आणि डोक्याच्या वर पाडल्यामुळे चेहरा सरळ राहतो. महाराष्ट्रात पुतळ्यांची माळ घातलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरील उभ्या आकृतींना आपण पुतळी म्हटले, आणि पुढे आपल्या सोनारांनी त्या आकृतींना आपल्याच देवतांची रूपे दिली. भोके असलेले रोमन नाणे हाती आले तर ते दोऱ्यात ओवल्यासारखे धरून पाहावे आणि भोकांच्या कडा भिंगाखाली तपासाव्यात: दोरा किंवा तार ज्या बाजूला घासली तेथे कड गुळगुळीत झालेली असते, आणि घालणारीच्या अंगाला टेकणाऱ्या बाजूचे उठाव दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झिजलेले असतात.